‘कोणी भेटलं तर’चा डबा

मला स्वयंपाक येत नाही. स्वयंपाकातलं कळतं मात्र सगळं.

हे ज्ञान मी सोफ्यावर बसून मिळवलं आहे. पाककलेचा म्हणून जो जो कार्यक्रम टीव्हीवर आला, तो मी पाहिला. चहा करायला गेलो तर दूध उतू घालवतो, पण परक्या राज्यातल्या परक्या बाईचा साखरेचा पाक एकतारी झाला नाही हे मला इंदूरच्या सोफ्यावरून दिसतं! अन्नपूर्णा भागात आमचं घर आहे. साक्षात अन्नपूर्णेच्या देवळाजवळ राहायचं आणि जेवणावर मत द्यायचं नाही, हे मला जमलेलं नाही.

पूर्वीचे कार्यक्रम साधे होते. इस्त्रीच्या साडीतल्या एक ताई यायच्या. ओट्यावर काचेच्या वाट्या ओळीने मांडलेल्या असायच्या. एकीत हळद, एकीत हिंग, एकीत चिमूटभर साखर. निवेदिका दर वाटीला ‘अय्या, किती सोप्पं!’ म्हणायची. ताई कढईवर झाकण ठेवून ‘आता हे मंद आचेवर शिजू द्यायचं’ म्हणायच्या आणि त्याच क्षणी ओट्याखालून शिजलेला पदार्थ बाहेर काढायच्या! (आमच्या ओट्याखाली कांदे, बटाटे आणि एक मोडका मिक्सर निघतो.) माझी बायको कुंदा हे बघताना एकच प्रश्न विचारायची.

“अहो, या एवढ्या वाट्या नंतर कोण घासतं?”

“कुंदा, कलेच्या ठिकाणी असे प्रश्न विचारायचे नसतात,” मी म्हणायचो.

मग ताई गेल्या आणि शेफ आले. मीठ पूर्वी चिमटीतून पडायचं, ते आता कोपरावरून घरंगळत यायला लागलं. फोडणीला ढोल-ताशे आले. परीक्षक घास तोंडात टाकतो, डोळे मिटतो, संगीत थांबतं. मग त्याचा चेहरा समोरून, स्पर्धकाचा चेहरा बाजूने, स्पर्धकाच्या आईचा चेहरा अगदी जवळून, आणि मग जाहिराती! वरणात मीठ बरोबर पडलंय की नाही एवढं कळायला टीव्हीवर जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आमच्याकडे जेवणं होऊन ओटा पुसला जातो.

पण मला ते आवडायचं. मी मूळचाच नाटकी माणूस. कॉलनीच्या कुठल्याही कार्यक्रमात माइक माझ्या हातातून काढून घ्यायला दोन माणसं लागतात. तेव्हा टीव्हीवरच्या परीक्षकाची भाषा मी लगेच उचलली आणि रोजच्या जेवणाला लावली.

“कुंदा, भेंडीत क्रंच नाहीये.”

“भेंडीत भेंडी आहे. गप खा.”

“आणि ताटात काही गोष्ट दिसत नाही. ताटाने गोष्ट सांगितली पाहिजे.”

“गोष्ट अशी आहे, की सिलिंडर संपत आलंय.”

असं आमचं चालायचं. माझ्याकडे सगळ्या प्रकारची मतं होती. नव्हतं ते फक्त एक वाक्य. ‘छान झालंय.’ ते आमच्या घराण्यातच कोणी उच्चारत नाही. पदार्थ बिघडला की घरभर चर्चा, आणि जमला की फक्त चावण्याचा आवाज. माझे वडील फार खूश झाले की ताट पुढे सरकवायचे. आजोबा तर तेही करायचे नाहीत, नुसते ताटाकडे बघायचे. मी त्या मानाने सुधारलेला. मी ताट पुढे सरकवून वर “अजून एक पोळी” असं तोंडाने म्हणतो.

एका संध्याकाळी टीव्हीवर एका बाईंनी साधी कढी केली होती. त्या कार्यक्रमातले मोठे शेफ (नाव सांगत नाही, पण पांढरा कोट, मिशीला पीळ आणि सबंध देशाच्या बायकांचा विश्वास, एवढ्यावरून ओळखा) चमचा तोंडात घालून थांबले, डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, “आपके हाथ में बरकत है.” बाई रडल्या. त्यांची सासू रडली. मी सोफ्यावर टाळ्या वाजवल्या. कुंदा हातात पोळीचं पीठ घेऊन दारात उभी होती. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “मिताली, यांची माणसं इंदूरला कधी येतात गं निवडायला?”

मिताली आमची मुलगी. कॉलेजात शिकते आणि घरात मोबाइलखातं सांभाळते. तिने तिथल्या तिथे शोधलं. “आई, पुढच्या महिन्यात. आणि ते स्वतः येतायत. घरून एक डिश बनवून न्यायची, तिथे फक्त मांडायची. भरू का तुझं नाव?”

मी हसलो. “कुंदा, तुला टीव्हीवर जायचंय?”

“टीव्हीवर नाही जायचं. मला एकदा कोणाकडून तरी ऐकायचंय माझ्या हाताला चव आहे का नाही. आणि अशा माणसाकडून, ज्याला माझ्याकडून अजून एक पोळी नकोय!”

ती हे हसत म्हणाली. पण जेवणाआधी पीठ मळताना तिची मूठ त्या दिवशी जरा जास्त जोरात पडत होती, हे माझ्यासारख्या परीक्षकाच्या नजरेतून सुटलं नाही.

पदार्थ ठरायला वेळ लागला नाही. कुंदाचे आजोबा नागपूरकडून येऊन महूला फौजेत राहिले, ते कायमचे. आजीने येताना तिकडची पाटवडी आणली. बेसन शिजवायचं, थाळीत थापायचं, वड्या पाडायच्या आणि वर झणझणीत रस्सा. इकडे आल्यावर तिला माळव्याचा भुट्टा भेटला. तिने कोवळी कणसं किसून त्या बेसनात घातली, आणि जी वडी तयार झाली ती ना नागपूरची ना माळव्याची, फक्त कुंदाच्या माहेरची. आजीचा आणखी एक नियमही कुंदाने उचलला होता. घरातून खाणं घेऊन निघायचं तर डबे नेहमी दोन. एक आपला आणि एक ‘कोणी भेटलं तर’. फौजी लोकांचे लांबलांबचे प्रवास, रेल्वेच्या डब्यात कोण कुठून येऊन बसेल आणि उपाशी असेल, काय सांगावं? आजीचे ते दिवस गेले. आता आम्ही फार तर कारने जवळच्या गौतमपुऱ्याला जाऊन येतो. तरी मागच्या सीटवर ‘कोणी भेटलं तर’चा डबा असतोच.

पदार्थ कुंदाचा ठरला, तेव्हा उरलेलं सगळं माझ्याकडे आहे असं मी गृहीत धरलं.

“पहिली गोष्ट, सामान वाट्यांमध्ये. दुसरी गोष्ट, काहीतरी दुःखद आठवण पाहिजे. आजीबद्दल बोलताना आवाज कापला पाहिजे.”

“कशाला? आजी भरपूर जगली, पोटभर जेवली आणि झोपेत गेली. असं मरण सगळ्यांना मिळो.”

“त्यात नाट्य नाही, कुंदा!”

“मग तुम्ही रडा. तुम्हाला जमतं.”

तिसरी गोष्ट प्लेट. मोठे शेफ काळ्या दगडाच्या पाटीवर मांडतात. तशी पाटी आणायला कुंदा तयार होईना. तेव्हा मला आठवलं! आमच्या ओट्याला सिंक बसवताना मधला जो काळा ग्रॅनाइटचा तुकडा कापून निघाला होता, तो गॅलरीत दाराला अडसर म्हणून पडून होता. मी तो घासला, पुसला, त्याला खोबरेल लावलं. असा चमकला, की त्यात माझा चेहरा दिसायला लागला. उचलला, तेव्हा पाठीतून कट् असा आवाज आला. (क्रंच म्हणतात तो हाच.)

“बाबा, हे प्लेट नाही, प्लॅटफॉर्म आहे,” मिताली म्हणाली.

“तू बघच. परीक्षक आधी डोळ्यांनी खातो.”

ठरल्या दिवशी सकाळी कुंदाने बुद्धांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले आणि आम्ही निघालो. सामान असं होतं. थर्मासमध्ये रस्सा. दोन सारखे स्टीलचे डबे, दोन्हींत पाटवड्या. परीक्षकांच्या डब्याला तिने पांढरा रुमाल बांधून गाठ मारली होती, ‘कोणी भेटलं तर’च्या डब्याला काही नाही. शिवाय फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या आणि दोडक्याची भाजी, म्हणजे माझं दुपारचं जेवण, कारण मला उपाशी राहवत नाही. आणि ग्रॅनाइट. तो मी छातीशी धरला होता.

निवड एका मॅरेज गार्डनमध्ये होती. जिथे लग्नात वरात उतरते तिथून रांग सुरू झाली होती आणि रस्त्यावर आली होती. सबंध शहर डबे घेऊन उभं होतं! ऊन असं, की माझ्या छातीवरचा ग्रॅनाइट तव्यासारखा तापला. रांगेत पोहोचल्यावर कुंदा म्हणाली, “मी आणि मिताली आत जाऊन नाव सांगून येतो. तुम्ही इथून हलू नका. आणि रुमालाच्या डब्याला हात लावायचा नाही. समजलं ना?”

“कुंदा, मी काय लहान आहे?”

यावर तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

माझ्या पुढे कुलकर्णी मॅडम होत्या. पुण्याहून नुकत्याच इंदूरच्या एका कॉलेजात शिकवायला आलेल्या. सुरळीच्या वड्या आणल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, जणू पट्टी लावून कापलेल्या. मागे सोनी भिया (‘भैया’चा इंदुरी उच्चार). देह भरभक्कम, हातात खोपरा पॅटिसचं, म्हणजे आत खोबरं भरलेल्या बटाट्याच्या पॅटिसचं, भलंमोठं भांडं. पाच मिनिटांत ओळख झाली आणि दहाव्या मिनिटाला मी भूक लागलेल्या माणसांना भाषण देत होतो. विषय अर्थात पाटवडी.

“वरून खसखस आणि खोबरं. आत कोवळा भुट्टा. म्हणजे दात लावला की आधी गोड लागणार, आणि आपण बेसावध झालो की मागून हिरवी मिरची येणार!”

सोनी भियांनी आवंढा गिळला. “भिया, बोलने से क्या होता है? चखाओ.”

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? इंदुरात माणूस माणसाजवळ डबा घेऊन उभा आहे, समोरचा ‘चखाओ’ म्हणतोय, आणि मी म्हणू की नाही? सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून, त्याच्या द्रोणात काय आहे ते विचारत लहानाचा मोठा झालेला माणूस मी! शिवाय डबा होता की. ‘कोणी भेटलं तर’चा. आणि हे भेटले होते!

मी साधा डबा उघडला. सोनी भियांनी एक वडी उचलली, खिशातून जिरावनची पुडी काढून तिच्यावर भुरभुरली (इंदूरचा माणूस हा मसाला पाकिटासारखा जवळ बाळगतो) आणि तोंडात टाकली. मग त्यांनी चक्क डोळे मिटले.

“अरे बाप रे,” ते म्हणाले. “ओ भिया! ये क्या खिला दिया!”

हे वाक्य त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे ऐकू गेलं. रांगेतल्या माना वळल्या. मी कुलकर्णी मॅडमपुढे डबा धरला.

“नको नको, परीक्षकांसाठी आहे ना ते?”

“हा वेगळा डबा आहे हो.”

“मग अगदी एवढीशी.” त्यांनी खाल्ली, विचार केला. “खसखस किंचित कमी भाजली असती तर चाललं असतं.” आणि थोडं थांबून, “बघू, दुसरीतही तशीच आहे का?”

दुसरीतही तशीच होती. तिसरीतही.

एव्हाना मी रंगात आलो होतो. ग्रॅनाइट एका खुर्चीवर ठेवला. टीव्हीवर शेफच्या हातावर कसा पांढरा रुमाल असतो? तसा आपल्याही हवा, म्हणून रुमाल सोडून हातावर टाकला. (होय. तोच रुमाल. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त दृश्य होतं.) मी एकेकाला वडी द्यायचो आणि आधी तिची कथा सांगायचो. आजी, महू, फौज, माळवा. माझा आवाज योग्य ठिकाणी कापत होता! एका काकूंनी डोळे पुसले. लोक त्यांचेही डबे उघडायला लागले. कोणी साबुदाणा वडे दिले, कोणी गुळाची पोळी, सोनी भियांनी पॅटिस वाटले. मी हे सगळं हातात घेऊन पुढच्याला देत होतो, कारण निवेदकाने तोंड भरलं तर बोलायचं कोणी? बघता बघता माझ्यासमोर एक वेगळीच रांग लागली. ती आत जाणाऱ्या रांगेपेक्षा भराभर पुढे सरकत होती.

तेवढ्यात गळ्यात पट्टा आणि ओळखपत्र अडकवलेला एक गंभीर माणूस आला. मी ओळखलं, हा आतला! परीक्षकांचा खास! याचं मत आत जाणार! मी त्याला वडी दिली. त्याने मान हलवली. दुसरी दिली. त्याने “हूं” केलं. या ‘हूं’मध्ये मला कुंदाचं भविष्य दिसायला लागलं, म्हणून मी त्याला देतच गेलो. शेवटी मी विचारलं, “तो साब, अंदर क्या बोलेंगे आप?”

“अंदर? मैं तो जनरेटर वाला हूँ,” तो म्हणाला. “लाइट जाएगी तो बोलूँगा.”

एक डबा संपला. मी दुसरा घेतला. आता कुठला पहिला आणि कुठला दुसरा, हे सांगणारा रुमाल माझ्या हातावर होता, आणि त्याला सोनी भियांच्या पॅटिसचं तेल लागलं होतं.

कुंदा आणि मिताली परत आल्या तेव्हा सगळे माझ्याकडे बघून हसत होते आणि मी नम्रपणे मान झुकवत होतो. एका काकूंनी कुंदाचा हात धरला. “आप ही हैं ना पाटवडी वाली?” कुंदा गोंधळली. लाजली. तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, वा, आत जायच्या आधीच मी बाईला जिंकवून दिलं! तिला काही विचारायला सवड मिळाली नाही, कारण आमचं नाव पुकारलं गेलं. मी ग्रॅनाइट उचलला, मितालीने डबे आणि थर्मास.

आत लग्नाच्या स्टेजवर, जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथे एक टेबल होतं, आणि टेबलामागे ते उभे होते. तोच कोट, तोच पीळ. बाजूला कागद अडकवलेली फळी धरून एक मुलगी. मी ग्रॅनाइट टेबलावर ठेवला. टेबल किंचित वाकलं. मी झटकन थर्मास उघडून दगडाच्या मधोमध चमचाभर रस्सा सोडला आणि बोटाने त्याला एक सुंदर वळण दिलं. काळ्या दगडावर लाल तवंग! मीच पाहत राहिलो.

शेफही पाहत राहिले. “प्लेटिंग कमाल है,” ते म्हणाले.

“थँक यू सर,” मी म्हणालो. हातावरचा रुमाल सावरला.

कुंदाचं लक्ष त्या रुमालाकडे गेलं. मग तिने एक डबा उघडला. मग दुसरा उघडला. मग दोन्ही डब्यांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. वाचणारे विवाहित असतील तर त्यांना गरज नाही, आणि नसतील तर त्यांना घाबरवण्यात अर्थ नाही.

“मॅडम, डिश?” शेफनी विचारलं.

“थी,” कुंदा म्हणाली.

“मतलब?”

“लाइन में खतम हो गई.”

“किसने खाई?”

दारातून सोनी भियांचा आवाज आला, “सबने खाई साब! मजा आ गिया!”

शेफनी एकदा ग्रॅनाइटकडे, एकदा माझ्या बोटाकडे पाहिलं. “चखे बिना मैं क्या बोलूँ, मॅडम? नियम से तो ना ही बोलना पड़ेगा.” फळीवाल्या मुलीने काहीतरी लिहिलं. झालं. एवढ्यासाठी कुंदा सूर्य उगवायच्या आत उठून भुट्टे किसत बसली होती.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मितालीने माझा पाय दाबला. कुंदा मात्र जागची हलली नाही. ती शेफकडे बघत होती. त्यांनी कोटाचं वरचं बटण सोडलं होतं आणि ते टेबलाला टेकले होते. टीव्हीवर जे कधी दाखवत नाहीत ते मला तेव्हा दिसलं. टेबलाच्या कडेला उष्ट्या चमच्यांचा हा ढीग, आणि त्यामागे एक दमलेला, घामेजलेला माणूस.

“सर, आप खाना खाए क्या?” कुंदाने विचारलं.

ते हसले. “सुबह से एक-एक चम्मच खा रहा हूँ. खाना नहीं खाया.”

यानंतर जे झालं ते फार सावकाश आणि फार सहज झालं. कुंदाने पिशवीत हात घातला आणि फडकं बाहेर काढलं. मला ते फडकं ओळखू आलं. “कुंदा,” मी कुजबुजलो, “ते माझं...”

“तुम्ही बोलू नका.”

तिने पोळीवर दोडक्याची भाजी घातली, गुंडाळी केली आणि त्यांच्या हातात दिली. ते उभ्याउभ्याच खायला लागले. त्यांनी डोळे मिटले नाहीत. संगीत थांबलं नाही, कारण ते वाजतच नव्हतं. भुकेला माणूस कुठेही न बघता जसा खातो, तसे खात होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून होतो. आता बोलतील. आता ‘बरकत’ म्हणतील! कुंदाही बघत होती. पिशवीचे बंद तिने घट्ट धरले होते.

त्यांनी शेवटचा घास गिळला आणि हात पुढे केला.

“और एक है?”

कुंदाने दुसरी पोळी दिली. तीही संपली. त्यांनी बोटं पुसली, “थँक यू, मॅडम,” म्हणाले, कोटाचं बटण लावलं, आणि फळीवाल्या मुलीने पुढचं नाव पुकारलं.

बाहेर कुलकर्णी मॅडम भेटल्या. त्यांच्या वड्यांना शेफ ‘परफेक्ट’ म्हणाले होते, पण पुढच्या फेरीला घेतलं नव्हतं. “तुमचं काय झालं?” त्यांनी विचारलं. कुंदा म्हणाली, “जेवण झालं.” आणि गाडीकडे चालायला लागली.

घरी येताना गाडीत माझ्या पोटातून आवाज येत होते, ते मी रेडिओ लावून झाकले. राजवाड्याच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा शेजारून एक वेगळाच आवाज यायला लागला. मी घाबरून पाहिलं. कुंदा हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

“त्यालासुद्धा अजून एक पोळीच हवी होती!”

“अगं, म्हणजे आवडली त्याला.”

“ते कळलं मला. पण तोंडाने म्हणायला तुम्हा लोकांचं जातं काय?” मग ती माझ्याकडे वळली. “बरं, त्याचं सोडा. त्याने चाखली नाही. तुम्ही सांगा. आजची पाटवडी कशी झाली होती?”

मी छाती भरून श्वास घेतला. हा माझा प्रांत! सकाळभर सबंध रांगेला सांगितलेलं होतं की. आधी गोड, मग बेसावध, मग मिरची... आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. जनरेटरवाल्याने खाल्ल्या. सोनी भियांनी खाल्ल्या. कुलकर्णी मॅडमनी खसखस तपासत किती खाल्ल्या ते त्यांनाच ठाऊक. सबंध मॅरेज गार्डनमध्ये पाटवडी न चाखलेली माणसं दोनच होती. एक मोठे शेफ, आणि दुसरा मी!

“छान होती,” मी म्हणालो.

“खाल्लीत?”

मागच्या सीटवरून मिताली टीव्हीवरच्या परीक्षकाच्या आवाजात म्हणाली, “बाबा, तुमचा प्रवास इथेच संपतोय.”

पुढच्या रविवारी कुंदाने पुन्हा पाटवडी केली. या वेळी माझ्याच आग्रहाप्रमाणे, सगळं सामान काचेच्या वाट्यांमध्ये काढून. मला ओट्यासमोर स्टुलावर बसवलं. ताट दिलं, रस्सा वाढला, आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिली. शेजारी मिताली, तशीच घडी घालून.

“ताट पुढे सरकवायचं नाही,” कुंदा म्हणाली. “तोंडाने सांगायचं.”

मी घास घेतला. भुट्टा आधी आला, गोड. मग खसखस. आणि मग रस्सा, घशाच्या अगदी मागे, सावकाश. क्रंच, बॅलन्स, गोष्ट, असे किती शब्द मी टीव्हीवरून जमवून ठेवले होते! एकही कामाला येईना. इतक्या वर्षांत मी या बाईच्या हातचं किती जेवलो असेन, आणि ते कसं आहे हे सांगायची माझी पहिलीच वेळ होती. तोंड दुखल्यासारखं झालं.

“छान झालीय, कुंदा,” मी म्हणालो.

तिने हाताची घडी सोडली नाही.

“खूप छान झालीय.”

“बाबा, रडताय?” मितालीने विचारलं.

“रस्सा तिखट आहे!”

कुंदाने हात सोडले. पदराला पुसले. “हे इथे बसून झालं असतं,” ती म्हणाली. “तेवढ्यासाठी त्या उन्हात उभं केलंत मला.” मग ती बाहेर गेली आणि सोफ्यावर, बरोबर माझ्या जागेवर बसली. रिमोट घेतला आणि पाय वर घेतले.

मी ओट्याकडे पाहिलं. हळदीची वाटी, हिंगाची वाटी, खसखशीची, खोबऱ्याची, बेसनाची, तेलाची, मिरचीची, आणि चिमूटभर मिठासाठी वेगळी. सगळ्या रिकाम्या, आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी बाह्या सारल्या आणि नळ सोडला.

स्वयंपाकातलं मला सगळं कळतं, असं मी आरंभी म्हटलं ते तेव्हा पूर्ण खरं नव्हतं. त्या वाट्या शेवटी कोण घासतं, तेवढं राहिलं होतं. आता मी दर रविवारी घासतो, आणि सोफ्यावरून आवाज येतो,

“अहो, हळदीच्या वाटीला फिनिशिंग नाहीये!”